धाप लागणारे मास्तर आणि मुलांचा छापखाना

सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच प्राथमिक शिक्षकाची गोष्ट नेहमी ज्या रीतीने सांगितली जाते, ती ऐकायला फार सोपी आहे. पहिल्या महायुद्धात या तरुणाच्या फुप्फुसाला गोळी लागली. बरं वाटल्यावर तो एका खेड्यातल्या शाळेत रुजू झाला, पण दिवसभर वर्गासमोर उभं राहून बोलण्याइतका दम त्याच्या छातीत उरला नव्हता. मास्तरांना बोलवत नाही म्हटल्यावर मुलंच बोलू लागली, लिहू लागली, आपलं लिहिलेलं छापू लागली आणि त्यातून शिक्षणाची एक नवी पद्धत उभी राहिली. ही गोष्ट खोटी नाही. स्वतः फ्रेने ती सांगत असत आणि त्यांच्या पत्नी एलीझ यांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून ती सर्वदूर पोचली. पण एवढ्यावरच समाधान मानलं, तर या माणसाने युद्धातून जे आणलं त्यातला मोठा भाग निसटून जातो. जखमेने एवढंच केलं की जुन्या पद्धतीने शिकवणं त्यांना अशक्य झालं. त्या जागी काय आणायचं, हे कुठलीच जखम सांगत नाही. माझ्या मते ते ठरलं खंदकांत. शाळेने ज्यांना निमूटपणे आज्ञा पाळायला शिकवलं होतं, त्या पोरांचं तिथे काय झालं हे फ्रेने यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ते त्या निमूटपणाशीच झगडत राहिले.

हे पटायचं तर युद्धापूर्वीची फ्रेंच शाळा डोळ्यांसमोर आणावी लागेल. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सास व लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. दहाएक वर्षांनी, १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी ज्यूल फेरी यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं. शेतकऱ्यामजुरांची पोरं लिहू-वाचू लागली ती या शाळांमुळे. त्याचं श्रेय कुणी नाकारू नये, फ्रेने स्वतः याच शाळांतून शिकून वर आले होते. पण याच शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात गमावलेला मुलूख वेगळ्या रंगात दाखवलेला असे. १८८० च्या दशकात तर शाळांतून मुलांच्या पलटणी उभ्या केल्या होत्या आणि लहान मुलं खोट्या बंदुका खांद्यावर घेऊन कवायत करत. पलटणी दहाएक वर्षांत बंद पडल्या. वर्गाची रचना मात्र तशीच राहिली: उंच चौथऱ्यावर मास्तर, समोर ओळीने बाकं, मास्तरांनी सांगायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं, पाठ करायचं, म्हणून दाखवायचं. चांगल्या शिक्षकाची पहिली खूण म्हणजे त्याचा खणखणीत आवाज. १९१४ मध्ये युद्धाची हाक आली, तेव्हा हे शिक्षक स्वतः पुढे होते. सुमारे ३५ हजार शिक्षक सैन्यात गेले आणि त्यांतले आठ हजारांवर परत आले नाहीत.

फ्रेने यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९६ चा, फ्रान्सच्या आग्नेय टोकाला आल्प्सच्या उतारावर असलेल्या गार नावाच्या खेड्यातला, शेतकरी घरातला. हुशार आणि गरीब मुलाला त्या काळी जी एक वाट खुली होती, ती त्यांनी धरली आणि १९१२ मध्ये नीसच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षण पुरतं होण्याआधीच युद्ध आलं आणि १९१५ मध्ये त्यांना सैन्यात भरती केलं गेलं. १९१७ साली ते शेमँ दे दाम या टेकाडाच्या रांगेवर होते. आजही हे नाव ऐकून फ्रेंच माणसाच्या अंगावर काटा येतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जनरल निवेल यांनी इथे चढाई केली. ती साफ फसली, हजारो सैनिक मेले, आणि त्यानंतर कित्येक तुकड्यांनी पुन्हा हल्ल्याला जायला नकार दिला. सैन्य बंडाच्या उंबरठ्यावर आलं तेव्हा निवेल यांना काढून पेताँ यांना आणावं लागलं. ऑक्टोबरमध्ये त्याच टेकाडावर ला माल्मेझाँच्या किल्ल्यासाठी मर्यादित हल्ला झाला. लष्करी हिशेबात तो फ्रेंचांचा विजय. त्याच्या पहिल्याच दिवशी, २३ ऑक्टोबरला, नुकत्याच एकविशी गाठलेल्या फ्रेने यांना गोळी लागली. पुढची वर्षं रुग्णालयांत गेली. पदकं मिळाली. १९२० मध्ये त्यांनी या जखमेच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढली. त्यांच्या नावावरचं हे सगळ्यात पहिलं पुस्तक, आणि त्यात शिक्षणाचा विषय नाही.

१ जानेवारी १९२० रोजी ते बार-सुर-लू या गावी मुलांच्या शाळेवर सहायक शिक्षक म्हणून रुजू झाले. दरीवर टांगल्यासारखं गाव, उतारावर कडू संत्र्यांच्या बागा, दोन वर्गांची शाळा. धुळीच्या खोलीत थोडा वेळ बोललं की धाप लागायची. मग ते दुपारी मुलांना घेऊन बाहेर पडत. विणकराच्या मागापाशी, सुताराच्या दुकानात, ओढ्याकाठी, शेतात. परत आल्यावर काय पाहिलं ते मुलं सांगत, मास्तर फळ्यावर थोडक्यात लिहीत आणि तोच त्या दिवसाचा वाचनपाठ होई. इथवर धापेची गोष्ट पुरेशी वाटते. पण फ्रान्समध्ये जखमी होऊन परतलेले शिक्षक काही एकटे फ्रेने नव्हते. कुणाचा पाय गेला होता, कुणाची छाती वायूने जळली होती. त्यांतल्या बहुतेकांनी जमेल तितक्या आवाजात तेच जुने पाठ पुन्हा सुरू केले, किंवा निवृत्तिवेतन घेऊन दुसरं काम पाहिलं. फ्रेने यांनाही ते करता आलं असतं. उलट, पुढच्या दहा वर्षांत ज्या शेकडो शिक्षकांनी त्यांची पद्धत उचलली त्यांच्या आवाजाला काहीच झालेलं नव्हतं, आणि त्यांतल्या शिक्षिका तर आघाडीवर गेल्याही नव्हत्या.

हाच पुरावा माझ्या म्हणण्यावरही उलटवता येईल, हे मला दिसतं. आघाडी न पाहिलेल्या शिक्षिकांनाही ही पद्धत पटली, तर मग तिचं मूळ युद्धात कसं? याचं उत्तर असं की १९२० नंतरच्या फ्रान्समध्ये युद्ध पाहायला आघाडीवर जावं लागत नव्हतं. सुमारे १४ लाख माणसं गेली होती. त्या चार-पाच वर्षांत जवळपास प्रत्येक गावात एक स्मारक उभं राहिलं, आणि त्यावर कोरलेली बहुतेक नावं त्याच गावच्या शाळेच्या हजेरीपटावर एकेकाळी होती. कोणत्या मास्तराने कोणता धडा शिकवला होता, हे गावाला माहीत होतं आणि मास्तरांना तर होतंच. शिक्षकांच्या संघटना याच दशकात युद्धाचा गौरव करणारी क्रमिक पुस्तकं वर्गातून काढा म्हणून मोहीम चालवत होत्या. फ्रेने तेव्हा लिहीत होते ‘क्लार्ते’ या नियतकालिकात. ते सुरू करणारे आँरी बार्ब्यूस हे स्वतः खंदकातून परतलेले लेखक. त्यातल्या लेखांतून फ्रेने पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारतात: सक्तीच्या शाळेत शिकलेली पिढी एवढ्या सहजपणे कत्तलीला कशी गेली? आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९२२ मध्ये, म्हणजे जर्मन गोळी लागल्याला पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ते जर्मनीत हॅम्बुर्गला गेले. तिथल्या काही शिक्षकांनी शिक्षा, वेळापत्रक, मास्तरकी सगळं सोडून मुलांच्या सहजीवनाची शाळा चालवली होती. ती त्यांना स्वतः पाहायची होती. तिथलं सगळंच त्यांना पटलं नाही. तरी ज्याला फक्त आपल्या अपुऱ्या श्वासावर तोडगा हवा असतो, तो एवढ्या लांब शत्रूच्या देशात जात नाही.

अभ्यासक दुसरा आक्षेप घेतील. मुलांच्या अनुभवातून शिक्षण ही कल्पना फ्रेने यांची नव्हेच. जिनिव्हाचे आदोल्फ फेरिएर, ब्रसेल्सचे देक्रोली, इटलीच्या मारिया माँतेसोरी हे सारे आधीपासून तेच सांगत होते, आणि देक्रोलींच्या शाळेत तर मुलांचा छापखानाही होता. हे खरं आहे. १९२३ मध्ये माँत्र येथे नवशिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला फ्रेने आवर्जून गेले, फेरिएर यांचं पुस्तक त्यांनी बारकाईने वाचलं होतं. पण परिषदेतून ते गावी आले तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा तोच वर्ग होता, खचाखच भरलेला आणि साहित्याला दमडी नसलेला. परिषदेत ज्या शाळांची वर्णनं झाली, तिथे मुलं थोडी होती आणि आईबाप खर्च सोसणारे होते. सरकारी शाळेतल्या गरिबांच्या पोरांसाठी असं काय आणता येईल, जे स्वस्त असेल आणि मास्तरांच्या आवाजावर अवलंबून नसेल, हा फ्रेने यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हाताने चालवायचं एक लहान छपाईयंत्र घेतलं.

या यंत्राशी मुलं काय करत, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सकाळी मुलं आपापलं लिहिलेलं वाचून दाखवत. विषय दिलेला नसे, लिहिलंच पाहिजे अशी सक्तीही नसे. कुणाची शेळी व्यालेली असे, कुणाच्या बापाला काम मिळालेलं नसे. या वर्गातली नेहमी सांगितली जाणारी गोष्ट आहे ती बाकावर लावलेल्या गोगलगायींच्या शर्यतीची: मास्तरांनी रागावण्याऐवजी ती फळ्यावर लिहून घेतली. मग मत टाकून एक मजकूर निवडला जाई. तो फळ्यावर उतरवून सगळे मिळून नीट करत. हा शब्द दोनदा आलाय, इथे क्रियापद चुकलंय, ‘मोठा कुत्रा’ म्हणजे केवढा? लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय अर्थ बदलायचा नाही. मग खिळे जुळवणारी तुकडी बसे. ज्यांनी ट्रेडलवर छापलेली लग्नपत्रिका बोटाने चाचपून पाहिली असेल, त्यांना ही अक्षरं कळतील. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, पट्टीत लावायचा, दोन शब्दांत कोरा खिळा घालायचा. एक खिळा उलटा लागला तर छापल्यावर सगळ्या वर्गाला दिसतो. शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाबायचं. मुलांना शुद्धलेखनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नसे, कारण चूक लाल शाईत मास्तरांच्या वहीत राहत नव्हती, ती आता लोकांसमोर जाणार होती. महिनाअखेर ही पानं शिवून शाळेचं मासिक तयार होई. वर्गात छापील क्रमिक पुस्तकाची जागा हळूहळू या मासिकाने घेतली.

पण लोक म्हणजे कोण? इथे फ्रेने यांची खरी करामत आहे. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीत समुद्रकाठी असलेल्या त्रेगँक गावचे शिक्षक रने दानिएल यांनी असंच छपाईयंत्र घेतलं आणि दोन्ही शाळा एकमेकींना नियमित पानं पाठवू लागल्या. संत्र्यांच्या गावातल्या मुलांना कोळ्यांच्या मुलांचं जग टपालाने येऊ लागलं, आणि मागोमाग पार्सलं. मासे कसे पकडतात, हे समोरच्याला कळलं नाही तर पत्रातून प्रश्न येतो आणि पुन्हा नीट लिहावं लागतं. काही वर्षांत अशा शेकडो शाळा जोडल्या गेल्या, शिक्षकांनी १९२७ मध्ये तूर येथे पहिली परिषद भरवली, स्वतःची सहकारी संस्था काढून छापायची साधनं तयार केली. युद्धाच्या नजरेतून या व्यवस्थेकडे पाहिलं की तिचा अर्थ उलगडतो. शेमँ दे दामवर आज्ञा एकाच दिशेने जात होती, वरून खाली, आणि खालच्याला विचारायची सोय नव्हती. इथे आठ वर्षांचा मुलगा लिहितो, त्याला अनोळखी माणूस उलट प्रश्न विचारतो आणि त्याला आपलं म्हणणं खरं करून दाखवावं लागतं. ज्याला विचारायची आणि उत्तर द्यायची सवय लागली, त्याला एका शिट्टीवर धावायला लावणं कठीण जातं. फ्रेने यांची पैज याच गोष्टीवर होती.

मग शिस्तीचं काय, असं कुणीही जबाबदार पालक विचारेल. फ्रेने यांच्या वर्गाला मोकाट वर्ग म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नव्हता. प्रत्येक मुलाचा आठवड्याच्या कामाचा लेखी आराखडा असे, तो त्यानेच मास्तरांशी बोलून ठरवलेला. हिशेब, व्याकरण, भूगोलाची तपासणीपत्रं असत आणि मूल ती आपापल्या गतीने सोडवी. भिंतीवर एक कागद लावलेला असे. त्यावर कुणाचं काय चुकलं, कुणाचं काय आवडलं, काय हवं आहे, हे मुलं सही करून लिहीत आणि शनिवारी वर्गाच्या सभेत त्यावर चर्चा होई. मास्तरांवरही तक्रार लिहिता येई. नाव न घालता मात्र काही लिहायचं नाही. ही शिस्त कवायतीपेक्षा कडक आहे, कारण आपल्या बोलण्याची जबाबदारी घेण्यावाचून इथे सुटका नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप राजकारणाचा आहे आणि त्याला टाळून जाता येत नाही. फ्रेने १९२५ मध्ये शिक्षकांच्या शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत रशिया पाहून आले, १९२६ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२८ पासून ते आणि एलीझ साँ-पोल-द-व्हाँस इथे शिकवू लागले. शाळेची इमारत कळाहीन, शौचालयं घाण, आणि गावच्या कारभाऱ्यांना पैसे खर्चायचे नव्हते. एका मुलाने स्वप्न लिहिलं: वर्गाने बंड केलं आहे आणि शाळेला मोफत साहित्य न देणाऱ्या मेयरला मारलं जात आहे. हा मजकूर छापला गेला. १९३२ च्या डिसेंबरमध्ये गावात फ्रेने यांच्या विरोधात भित्तिपत्रकं लागली, शार्ल मोरास यांच्या राजेशाहीवादी वृत्तपत्राने प्रकरण पॅरिसला नेलं. एप्रिल १९३३ मध्ये जमावाने शाळेला वेढा घातला आणि त्यानंतर शासनाने त्यांची बदली केली. मुलांच्या तोंडून मास्तरच बोलतो आहे, असा आरोप होता. हे स्वप्न छापायचं की नाही, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते वर्गाच्या मासिकात मेयरचा खून छापणं अविचाराचं होतं. पण त्या मासिकांचा मोठा भाग शेळ्या, पाऊस, आजी आणि गोगलगायींनी भरलेला आहे. मास्तरांची राजकीय मतं पोरांच्या गळी उतरवायची असती, तर त्यासाठी जुनी पद्धतच जास्त सोयीची होती: चौथरा, खणखणीत आवाज आणि पाठांतर. याच कारणाने पुढे १९५० च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षाच्या विचारवंतांनीही फ्रेने यांच्यावर टीकेची झोड उठवली. मुलाला मनाजोगतं लिहू देणं त्यांना बूर्झ्वा वाटलं. दोन्ही टोकांच्या लोकांना जो माणूस एकाच कारणासाठी खुपतो, त्याच्यावर प्रचारकाचा शिक्का मारताना थोडं थांबावं.

सरकारी नोकरी सोडून फ्रेने दांपत्याने व्हाँसजवळच्या टेकडीवर स्वतःची शाळा बांधली. ती १९३५ मध्ये सुरू झाली आणि लवकरच स्पेनमधल्या यादवीतून निसटलेली मुलं तिथे आश्रयाला आली. मार्च १९४० मध्ये पदकप्राप्त युद्धजखमी फ्रेने यांना देशाला धोकादायक म्हणून अटक झाली आणि एकामागून एका छावणीत ठेवण्यात आलं. १९४१ च्या अखेरीस सुटका झाली ती नजरकैदेच्या अटीवर. त्यांचे शिक्षणावरचे मुख्य ग्रंथ याच काळात लिहून झाले. त्यानंतर ते आल्प्समधल्या प्रतिकार चळवळीत सामील झाले आणि १९४४ मध्ये गाप इथल्या मुक्ती समितीत काम करू लागले. इथे कुणी म्हणेल की शांततेचा एवढा पुरस्कार करणारा माणूस शेवटी शस्त्रवाल्यांत गेला, मग त्याच्या शिकवणुकीला काय अर्थ राहिला? पण फ्रेने यांनी मुलांना लढू नका असं कधी शिकवलं नव्हतं. विचारल्याशिवाय मानू नका, एवढंच शिकवलं. १९१७ मध्ये ते पाठवले गेले म्हणून गेले होते. १९४० नंतर पेताँ यांच्या ज्या राजवटीचे हुकूम सगळे पाळत होते, तिच्या विरोधात ते स्वतः ठरवून गेले. पेताँ दोन्ही वेळा वरच होते.

फ्रेने यांच्यात दोष होते. स्वतःच्या चळवळीत ते मतभेद सहन करत नसत. फेर्नाँ उरी यांच्यासारखे चांगले सहकारी त्यातूनच वेगळे झाले. वर्गात आवाज सोडलेल्या माणसाला परिषदेत तो सोडता आला नाही, ही खंत त्यांच्या जवळच्यांनीही बोलून दाखवली आहे. ८ ऑक्टोबर १९६६ रोजी व्हाँसला त्यांचं निधन झालं आणि गार गावी दफन झालं. व्हाँसची शाळा १९९१ मध्ये फ्रेंच शासनाने विकत घेतली आणि ती आजही चालू आहे.

मराठी वाचकाला या परंपरेची एक फांदी ओळखीची आहे. बार्बियाना या इटलीतल्या डोंगरी खेड्यात, परीक्षेत नापास ठरवलेल्या मुलांनी आपल्या शिक्षिकेला लिहिलेलं पत्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘प्रिय बाई’ या नावाने ते मराठीत आलं आणि शिक्षणात रस असणाऱ्यांनी आवडीने वाचलं. आठ मुलांनी मिळून, वाक्यावाक्यावर वाद घालत ते लिहिलं होतं. मारिओ लोदी हे फ्रेने यांच्या इटालियन चळवळीतले शिक्षक. १९६३ मध्ये ते बार्बियानाला आले तेव्हा तिथले पाद्री-शिक्षक दोन लोरेंत्सो मिलानी यांनी त्यांच्याकडून सामूहिक लेखनाची ही रीत घेतली, आणि दोन्ही शाळांच्या मुलांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, सक्तीच्या लष्करी सेवेला विवेकाने नकार देणाऱ्या तरुणांची लष्करी पाद्र्यांनी निंदा केली, तेव्हा मिलानींनी त्या तरुणांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं. आज्ञा पाळणं हा आता सद्गुण राहिलेला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांच्यावर खटला चालला. न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी शिक्षक म्हणून बाजू मांडली: वर्गातल्या मुलांदेखत अन्यायावर गप्प बसलो असतो, तर त्यांना काय शिकवलं असतं? १९६६ च्या फेब्रुवारीत रोमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.